अर्ध्या सिनेमाचा कम्प्युटर

दारव्ह्यात कोणी जरा मोठी फेकली, की समोरचा वाद घालत बसत नाही. तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवतो आणि शांतपणे विचारतो, "हे बबनरावच्या सिनेमातलं हाये काय?" विषय संपला. कपाशी डोक्याएवढी वाढली म्हणणारा गप्प होतो. पोराला पुण्याच्या दोन कंपन्यांनी दोन हातांना धरून ओढलं म्हणणारा बाप आभाळाकडे पाहू लागतो. ज्यांच्या नावावर गावानं अशी फुकटात म्हण पाडून टाकली, ते बबनराव गुल्हाने मात्र हयात आहेत, रोज पहाटे फिरायला जातात आणि भेटेल त्याला शपथेवर सांगतात, की सिनेमा खरा होता.

सिनेमा त्यांनी चौऱ्यांशी साली पाहिला. तेव्हा बबनराव एकवीस वर्षांचे होते आणि कानांवर केस ठेवत. आता कानांतच उरलेत. जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. मालक एक, तंबू दोन, एक दारव्ह्याला आणि एक दिग्रसला. सिनेमाची प्रत मात्र एकच. पहिला भाग एका गावात दाखवायचा, मग रिळांच्या पेट्या जीपमध्ये टाकून दुसऱ्या गावाला धाडायच्या, अशी मालकाची हुशारी. त्या दिवशी पेट्या उतरवणाऱ्यानं घोळ केला. पहिला भाग दिग्रसला उतरला, दुसरा दारव्ह्याला. अदलाबदल करायला निघालेली जीप वाटेत स्प्रिंगचा पाटा तुटून नाल्याकाठी बसली ती बसलीच.

इकडे दारव्ह्याच्या तंबूत लोक खुर्च्या आपटायला लागले. तंबूवाला म्हणाला, "जे हाये थे पाहून घ्या. सुरुवात मागून येऊन राह्यली." आणि त्यानं सिनेमा मधूनच सुरू केला. बाहेरदेशचा सिनेमा, हिंदी बोलणारा. नावाची पाटी पहिल्या रिळावर, म्हणजे दिग्रसला. शेजारच्या मांडवात दंडारीचा नाच-गाण्याचा खेळ रंगला होता. ढोलकीचा आवाज आला तसे लोक उठून तिकडे गेले, आणि तंबूत अकरा जण उरले. त्यातले चार आता या जगात नाहीत. तिघं गाव सोडून गेले. दोघं पुढे राजकारणात पडले, त्यामुळे त्यांच्या साक्षीला कोणी धरत नाही. दहावा बबनरावांचा मावसभाऊ रवी. तो शेजारच्या खुर्चीत घोरत होता. त्याला एवढंच आठवतं, की मधे कुठंतरी पडद्यावर वाफ झाली आणि त्याला वाटलं चहा आला.

उरले बबनराव.

तर बबनरावांनी पाहिलं ते असं. आभाळातून एक जहाज चाललंय. आत अंधार. सगळ्यांच्या डोक्यांवर हंड्याएवढी टोपडी, कोण बाई कोण माणूस कळायची सोय नाही. जहाज हलतंय, माणसं इकडून तिकडे पळतायत. एवढ्यात एक टोपडंवाला भिंत चाचपत एका यंत्रापाशी येतो. यंत्र कपाटाएवढं, मधे गोल झाकण, वर लाल दिवा, हिरव्या अक्षरांची काच. टोपडंवाला खटका दाबतो. दिवा लागतो. आणि यंत्र खर्जातल्या आवाजात म्हणतं, "अभी पाँच मिनट बाकी हैं." टोपडंवाला त्याच्यासमोर गुडघे टेकून, मान खाली घालून बसतो. मग वाफ. झाकण उघडतं, आतून एक गोल चिठ्ठी बाहेर येते. टोपडंवाला ती दोन्ही हातांनी उचलतो, टोपडं जरासं वर करतो आणि चिठ्ठीचं चुंबन घेतो. पुढच्याच क्षणी जहाज जमिनीवर उतरलेलं आणि समोर सूर्य उगवतोय. खेळ खलास.

"कम्प्युटर होता थो," बबनराव सांगत. "आख्ख्या जहाजाचा मेंदू! सगळे घाबरले, थो नाई घाबरला. म्हणे, अजून पाच मिनिट हायेत. आन् वाचोलं सगळ्याईले."

एकविसाव्या वर्षी माणसाच्या काळजात जे घुसतं ते निघत नाही. कुणाच्या काळजात पोरगी घुसते, बबनरावांच्या काळजात कपाट घुसलं. तेव्हापासून त्यांनी आयुष्य त्या एका वाक्यावर चालवलं. लग्नात मुहूर्त टळायची वेळ आली, भटजी घड्याळ दाखवू लागले, बबनराव बोहल्यावरून म्हणाले, "अजून पाच मिनिट हायेत." विजयमालाबाईंना पलीकडून वाटलं, नवरदेव पळून जायला वेळ मागतोय. पुढे त्यांचं पहिलं बाळंतपण आलं. यवतमाळच्या वाटेवर नाल्याला पूर, गाडी अडलेली, विजयमालाबाई कळांनी ओठ चावतायत, आणि बबनराव त्यांचा हात धरून तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत बसले. पाणी उतरलं. प्रेरणा सुखरूप जन्मली. आज ती वणीला कोळसा खाणीच्या हापिसात नोकरीला आहे. त्या रात्रीनंतर विजयमालाबाईंनी नवऱ्याच्या सिनेमाची कधी चेष्टा केली नाही. नवऱ्याची केली. सिनेमाची नाही.

आणि मग नशिबाचा खेळ पाहा. ब्याण्णव साली बबनराव ज्या खरेदी-विक्री संघात कारकून होते, तिथे गावातला पहिला कम्प्युटर आला. टेम्पोतून उतरवला, अध्यक्षांनी नारळ फोडला, खोलीत गालिचा घातला, आणि चपला बाहेर काढल्याशिवाय आत जायचं नाही असा नियम झाला. अध्यक्षसुद्धा अनवाणी. नागपूरला पंधरा दिवस शिकायला धाडायला माणूस हवा होता. बबनरावांनी हात वर केला तो खाली करेचनात. शिकून आले ते अर्धे इंग्रज होऊन आले. घरी म्हणत, "चहा एंटर कर." विजयमालाबाई म्हणत, "साखर नाई, एस्केप करा." पण त्याच बाईंनी त्या मशीनला निळ्या मांजरपाटाची गवसणी शिवून दिली, हेही सांगितलं पाहिजे.

हिरव्या अक्षरांची काच पाहिली तेव्हा बबनरावांना वाटलं, जहाज आपल्यासाठीच थांबलं होतं. संघातही त्यांनी सिनेमा सांगितला. लोक हसले. पुढची तीस वर्षं हसतच होते. मशीन जुनं झालं, नवी आली, नव्यांचीही नवी आली. बबनराव निवृत्त झाले त्या दिवशी शालीऐवजी सगळ्यांनी त्यांना तेच जुनं मशीन हार घालून दिलं. कौतुक किती आणि अडगळ हलवायची घाई किती, हे हार आणणाऱ्यालाच माहीत.

गेल्या दिवाळीनंतर बबनरावांच्या मनानं घेतलं. वाचनालयात दर जानेवारीत वस्तूंचं प्रदर्शन भरतं. त्यात सिनेमातलं यंत्र जसंच्या तसं बनवून ठेवायचं. बाजाराच्या दिवशी दहा गावचे लोक पाहून जातात. त्यात एक तरी माणूस निघेल, जो म्हणेल, हे मी पाहिलंय. एक. बबनरावांना अकरा नको होते.

मदतीला भीमराज खोब्रागडे. स्टँडजवळ त्याचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. आता टीव्ही कोणी दुरुस्त करत नाही आणि रेडिओ कोणाकडे नाही, म्हणून भीमराजकडे वेळ भरपूर. बबनराव पेचकस घेऊन मशीन उघडायला गेले, तसा भीमराज मधे आला.

"काय करून राह्यला बे?"

"पोट रिकामं करतो. आत दिवे बसवाचे हायेत."

भीमराजनं मशीनचा खटका दाबला. आत घरघर झाली, काचेवर हिरवं अक्षर लुकलुकलं. "हे पाह्य. तीस सालाचं म्हातारं अजून डोळे उघडते. चालत्या जनावराची कातडी काढत नसतेत, बबन. जे करशीन थे वरून कर."

तेव्हा वरून करायचं ठरलं. उन्हाळ्यातल्या जुन्या कूलरचं पत्र्याचं अंग कपाट म्हणून आलं. त्यात मशीन जसंच्या तसं बसलं, फक्त काच बाहेर डोकावेल अशी खिडकी कापली. लाल दिवा बबनरावांच्या स्कूटरच्या मागचा. त्यामुळे ते दोन महिने ब्रेक मारताना हात दाखवत गावभर फिरले. गोल झाकण डाळीच्या मोठ्या डब्याचं. खटके जुन्या शेगडीचे. वाफेसाठी सर्दीवर वाफारा घ्यायचं यंत्र. आतून प्रकाश यावा म्हणून मागे पुरणाची चाळण.

विजयमालाबाई रोज संध्याकाळी डबे मोजायच्या. "अवो, हे कम्प्युटर हाये का माह्या सैपाकखोलीतली चोरी पकडाची जागा? चाळण कुठी हाये?"

"दोन महिने पुरण नको करू."

"संक्रांत मधेच हाये."

"गुळाच्या पोळीले चाळण लागते काय?"

"तिळगूळ देऊन गोड बोलाले लागते. थेही आता होनार नाई माह्याच्यानं."

आवाज भीमराजचा. गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचा माइक त्याच्याच हातात असतो, खर्जही चांगला. पण चाळीस वर्षांची सवय. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं की आधी "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" आणि मग "अभी पाँच मिनट बाकी हैं". सात वेळा केलं, साती वेळा हॅलो आलं. आठव्या वेळी बबनरावांनी हात जोडले. "माइक टेस्टिंग" तेवढं कापता आलं, हॅलो राहिलं. आभाळातला मेंदू आधी हॅलो म्हणेल, एवढं ठरलं.

वाचनालयाच्या ग्रंथपाल विमलताई म्हणजे सरळ रेषा. आदल्या वर्षी प्रदर्शनात एकानं तीनशे वर्षांपूर्वीची तलवार मांडली होती आणि एका शाळकरी मुलीनं मुठीवरचा अमरावतीच्या भांडी कारखान्याचा शिक्का सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता. तेव्हापासून ताईंनी नियम केला. प्रत्येक वस्तूपुढे कार्ड. त्यावर वस्तूचं नाव, आणि खाली एका साक्षीदाराची सही, की वस्तू म्हणता ती तीच आहे. साक्षीदार घरचा नको, भाऊबंद नको. सही नसेल तर वस्तू मागच्या टेबलावर, जिथं वर पाटी लावलेली असते, "बालगोपाळांच्या कल्पना". त्या टेबलावर थर्माकोलचा चंद्र होता, काडेपेटीची आगगाडी होती, आणि पाच पायांची एक गाय होती.

बबनरावांनी सुरेख अक्षरात कार्ड लिहून आणलं होतं. "सिनेमातील अंतराळयानाच्या मुख्य संगणकाची हुबेहूब प्रतिकृती."

ताईंनी चष्मा वर केला. "प्रतिकृती म्हणता, बबनराव. मग मूळ कुठंय?"

"सिनेमात."

"आणि सिनेमा कुठंय?"

बबनराव कार्डाचा कोपरा सरळ करू लागले. ताई वाईट नव्हत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "चार वाजता परीक्षक येतील. तोवर साक्षीदार आणा. नाहीतर मला ते मागं ठेवावं लागेल. नियम माझाच आहे, मोडू कशी?"

"ताई, मी बासष्ट वर्षाचा हाये. मले बालगोपाळात बसवता काय?"

"तुम्हाला नाही. यंत्राला."

बबनरावांना मात्र नीट कळलं होतं, मागच्या टेबलावर कोण जाऊन बसणार ते. आजवर म्हण फक्त तोंडी होती. आज तिच्यावर वाचनालयाचा शिक्का बसणार होता.

अकरा वाजल्यापासून बाजारची माणसं यायला लागली. खटका दाबला की लाल दिवा लागे, काचेवर हिरव्या रोमन अक्षरांत वाक्य उमटे, आवाज येई, वाफ निघे आणि झाकण उघडून जाड कागदाची गोल चिठ्ठी बाहेर सरके. लोक खूष. ओळखणारेही पुष्कळ निघाले. एक म्हणाला हे पैशाचं मशीन. दुसरा म्हणाला पिठाची गिरणी, शहरातली. पांढऱ्या कपड्यांतला एक जण जवळ येऊन कुजबुजला, "मतदानाचं नवं निघालं काय?" एका म्हातारीनं पायातल्या वहाणा काढल्या, यंत्राला नमस्कार केला, झाकणावर हळदीचं बोट लावलं आणि विचारलं, "बाप्पा कोन्ते म्हणाचे?" प्रत्येकाला बबनराव आशेनं विचारत, "सिनेमात पाह्यलं काय कधी?" आणि प्रत्येक जण यंत्राकडे पुन्हा एकदा पाहून मान हलवी.

दुपारी विजयमालाबाई डबा घेऊन आल्या. नवऱ्यानं डबा उघडला नाही. भीमराज दोन पोळ्या खाऊन मोकळा झाला आणि म्हणाला, "बबन, माह्याजवळ एक आयडिया हाये. माह्या ओळखीचा एक चांगला माणूस हाये, स्टँडवर केळं विकते. तू सांगशीन थो सिनेमा थो पाहिन."

"खोटी सही?"

"खऱ्या सिनेमाची खोटी सही."

बबनरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मोह झाला नाही असं नाही. सव्वातीन वाजले होते. शेवटी म्हणाले, "चाळीस साल लोकं खोटा म्हणून राह्यले, गड्या. आता खराच खोटा होऊ काय?"

साडेतीनला दारातून एक माणूस आत घुसला. खाकी शर्ट, पांढऱ्या मिशा, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि चेहऱ्यावर राग. दिग्रस-दारव्हा जीप चालवणारा रूपसिंग. त्याच्या दोन सवाऱ्या जीपमध्ये जागा धरून पिशव्या ठेवून प्रदर्शन पाहायला पसार झाल्या होत्या. त्यांना शोधत तो टेबलांमधून चालला होता आणि मोठ्यानं बोलत होता. "पिशवी बसली जीपमंदी, मानूस फिरून राह्यला गावात! मी का पिशवीले घेऊन जाऊ दिग्रसले?"

एवढ्यात कोणीतरी खटका दाबला. "हॅलो, हॅलो... अभी पाँच मिनट बाकी हैं." वाफ निघाली.

रूपसिंग थांबला. किल्ल्यांचा जुडगा वाजायचा थांबला. तो हळूच यंत्राजवळ आला, गोल झाकणावर हात ठेवला, लाल दिव्याकडे पाहिलं. मग बबनरावांना म्हणाला, "याले एक दांडी पायजे डाव्या बाजूनं. भाऊ, दांडी कुठी गेली?"

बबनराव खुर्चीवरून उठले. भीमराजनं विचारलं, "कायची दांडी? तुमी कुठी पाह्यलं हे?"

"दिग्रसले. तंबूत. माह्या याडीनं, म्हनजे मायनं, बैलाले सरकीची ढेप आनाले धाडलं होतं, मी ढेपेच्या पैशात सिनेमा पाह्यला. लय मार खाल्ला. म्हनून याद हाये. पन अर्धाच पाह्यला. बाकीचा दारव्ह्याहून येऊन राह्यला म्हने, थो आलाच नाई."

"नाव काय होतं सिनेमाचं?" बबनरावांनी पुढे होऊन विचारलं.

"नावाची पाटी आली तवा माह्यासमोर एक फेटेवाला उभा होता."

बबनरावांनी रूपसिंगचा हात दोन्ही हातांत धरला. डोळे भरून आले होते. "भाऊ, सही करा. इथं. म्हणा का हा जहाजाचा मुख्य कम्प्युटर होता."

"कम्प्युटर?" रूपसिंग हसला. "नाई हो. थे तं सैपाकाचं मशीन!"

भीमराजनं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"एक जाडा आचारी होता ना," रूपसिंग रंगात आला. "थो याच्यात पिठावानी काही टाके, हे दांडी फिरवे, लाल लाइट लागे. मशीन म्हने, अभी पाँच मिनट बाकी हैं. आचारी भुकेनं कावलेला, मशीनले लात मारे. मंग वाफ निघे आन् झाकनातून भाकर बाहीर. चार-पाच डाव झालं असं. तंबूतले लोकं त्याच्यासंगं म्हनत, पाँच मिनट! लय हसले."

बबनराव खुर्चीवर बसले. पडद्यावरची चाळीस वर्षांपूर्वीची माणसं त्यांच्या डोळ्यांपुढून नव्यानं चालू लागली. गुडघे टेकून, मान खाली घालून बसलेला टोपडंवाला. तो प्रार्थना करत नव्हता. भुकेनं बसला होता. वाफ निघाली, गोल चिठ्ठी आली. चिठ्ठी नव्हती. चुंबनही नव्हतं.

बोहल्यावर जे वाक्य म्हटलं, पुराच्या काठी बायकोचा हात धरून जे वाक्य म्हटलं, ते भाकरी शिजायला किती वेळ आहे याचं होतं.

विजयमालाबाई सगळं ऐकत उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाहायची बबनरावांची हिंमत होईना. भीमराज कानाशी वाकला. "बबन, याले चहाले नेतो मी. ताईनं ऐकलं नाई अजून. कोनाले मालूम होनार नाई. मशीन कम्प्युटरच राहीन."

आता गंमत पाहा. रूपसिंगला चहाला धाडलं, तर यंत्राची शान शाबूत, पण सिनेमा खोटा आणि जागा पाच पायांच्या गायीशेजारी. रूपसिंगला सही करू दिली, तर सिनेमा खरा, बबनराव खरे, आणि गावाला उद्यापासून हसायला चाळीस वर्षांचा नवा माल. बाहेर जीपमधल्या सवाऱ्या हॉर्न वाजवत होत्या. घड्याळात पावणेचार.

बबनरावांनी खिशातून पेन काढलं. कार्डावरची "मुख्य संगणकाची" ही अक्षरं एका सरळ रेषेनं खोडली. वर बारीक, सुरेख अक्षरात लिहिलं, "स्वयंपाकाच्या यंत्राची". आणि कार्ड रूपसिंगपुढे सरकवलं.

"सही करा, भाऊ. तुमी म्हणता तेच खरं हाये. वाफ होती. मी पाह्यली हाये."

रूपसिंगनं सावकाश सही केली. विमलताई आल्या, कार्ड वाचलं, खोडलेलंही वाचलं. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, दुसराही हलला, आणि दारव्ह्यातल्या लोकांनी अठरा वर्षांत पहिल्यांदा विमलताईंना वाचनालयात मोठ्यानं हसताना ऐकलं. शांतता राखा, ही पाटी त्यांच्या डोक्यावरच होती. हसू आवरून त्यांनी कार्डावर शिक्का मारला. "स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करणारे तुम्ही पहिलेच. ठेवा पुढच्या टेबलावर."

बबनरावांनी आता कुठे बायकोकडे पाहिलं. त्या डोळे पुसत होत्या. हसून की कशानं, ते विचारायची ती जागा नव्हती. एवढंच म्हणाल्या, "मंग त्या दिवशी नाल्यावर तुमी माह्यासाठी सैपाकच मांडला होता म्हनाचं."

"मले कुठी मालूम होतं?"

"मले तं तवाही भूकच लागली होती," विजयमालाबाई म्हणाल्या आणि डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला.

रूपसिंग मात्र जायला निघेना. जुडगा या बोटावरून त्या बोटावर करत उभा राहिला. मग म्हणाला, "भाऊ, तुमी दुसरा भाग पाह्यला ना? एक विचाराचं होतं. त्या पोरीचं काय झालं?"

"कोणती पोरगी?"

"जहाजात लपून आलेली. लहान होती, दहा-बारा सालाची. आचाऱ्याची भाकर चोरे. जहाज हालाले लागलं, थे एका खोलीत कोंडली गेली, आन् तेवढ्यात आमचा भाग संपला. मी लय डाव इचार करतो, निघाली का नाई थे."

बबनरावांनी आठवून पाहिलं. दुसऱ्या भागात पोरगी नव्हती. टोपडीच टोपडी. भीमराजनं टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. सांग ना बे, वाचली म्हणून! जन्मभर फेकणारा ठरलेल्या माणसाला एवढी एक फेकायला काय जड होतं?

"भाऊ, पोरगी मले दिसली नाई," बबनराव म्हणाले. "सगळ्याईच्या डोक्यावर टोपडे होते. खोटं कायले सांगू?"

रूपसिंगचा चेहरा उतरला. "बरं," म्हणून तो वळला. दारापर्यंत गेला.

"थांबा!" बबनराव ओरडले. हातातला घास तसाच. "यंत्रासमोर जो बसला होता ना, थो बाकीच्याईपेक्षा बुटका होता. टोपडं खांद्यापर्यंत येत होतं. त्यानं भाकर उचलली, टोपडं वर केलं अन् घास घेतला. तोंड दिसलं होतं. समोरचे दात..."

"पुढं होते?" रूपसिंग दोन ढांगांत परत आला.

"चांगले पुढं होते."

"मंदी फट?"

"पेन्सिल जाईल एवढी."

"तेच!" रूपसिंगनं टेबलावर थाप मारली. "तेच पोरगी! मंग जहाज उतरलं का जमिनीवर?"

"उतरलं. सूर्य उगवत होता."

"थे होती उतरताना?"

"सगळे होते."

रूपसिंगनं मिशांवरून हात फिरवला, मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर आता हॉर्नच्या जोडीला शिव्याही सुरू झाल्या होत्या. "येऊन राह्यलो!" तो ओरडला, आणि बबनरावांना म्हणाला, "चला मंग, भाऊ. निघतो. जीप भरली."

"आन् पहिला भाग?" बबनराव उभे राहिले. "थे पोरगी जहाजात शिरली कशी? आचाऱ्याले कधी समजलं? तुमी तं मले काहीच सांगतलं नाई."

"दिग्रसपर्यंतचा सिनेमा हाये थो."

परीक्षक चार वाजून दहा मिनिटांनी आले. पुढच्या टेबलावर यंत्र होतं, कार्ड होतं, शिक्का होता, अर्धा खाल्लेला डबा होता. बनवणारा नव्हता. कानटोपी घातलेल्या परीक्षकांनी वही उघडली आणि विजयमालाबाईंना विचारलं, "यंत्र कुणाचं? मालक कुठं आहेत?"

विजयमालाबाईंनी पदर सावरला. खिडकीतून रस्ता दिसत होता. जीप चौकातून वळत होती, आणि मागच्या दाराला, चौघा लटकलेल्यांत, बबनराव एका हातानं दांडी धरून, दुसऱ्या हातानं समोरच्या सवाऱ्या बाजूला सारत, आत ड्रायव्हरकडे तोंड करून काहीतरी विचारत होते.

"आमचे हे दिग्रसले गेले," विजयमालाबाई म्हणाल्या. "सिनेमाचा पहिला भाग पाहाले. तुमी खटका दाबा, मी सांगीन काय कसं हाये थे."